अध्यक्षबाईंचा परिचय

तपासनीस बाई चार वाजता येणार होत्या. अडीच वाजून गेले तरी रिळाचा डबा नखाने उघडायचा की नाण्याने, हे ताईंच्या लक्षात राहत नव्हतं.

"नाण्याने, ताई. कडेकडेने फिरवत न्यायचं," कातरबाई म्हणाल्या. "नखं लावलीत तर तिथेच कळेल."

"काय कळेल?"

"तुम्ही डबा कधी उघडलेला नाही ते."

ताईंनी डबा टेबलावर ठेवला. चित्रपटांना पैसा देणाऱ्या निधी मंडळाच्या बैठकीत भल्याभल्यांना एका नजरेत खाली बसवणारी ही सहासष्ट वर्षांची बाई घामाघूम झाली होती. खरं तर घरात सगळ्यांचीच गाळण उडाली होती, पण जो तो आपापल्या परीने ती लपवत होता. छोटा पुढचं दार लागलंय का हे तिसऱ्यांदा बघून आला होता. पोर भिंतीला टेकून उभी होती.

छोटा म्हणजे ताईंचा पाठचा भाऊ. एकोणसाठीला आलेला, डोक्यावर केस नाहीत, गुडघे कुरकुरतात, पण ताई थोरली म्हणून हा छोटाच. या घरात बढती मिळायची सोय नव्हती. कातरबाई ही त्याची बायको. लग्नाला तीन महिने होताहेत तोच ती घरामागच्या या संकलनाच्या खोलीत येऊन बसली, आणि कातर हातातून सुटत नाही म्हणून सासऱ्यांनी तिला हे नाव ठेवलं. पोर त्या दोघांची, सत्तावीस वर्षांची.

खोलीची खिडकी आतून काळ्या रंगाने रंगवलेली होती. मधोमध संकलनाचं टेबल, त्यावर रिळं फिरवायच्या तबकड्या, पाटीएवढा पडदा, सुती हातमोजे, खुणा करायची मेणाची पेन्सिल. कोपऱ्यात खिळ्यांवर फिल्मचे तुकडे लटकवलेली टोपली. या खोलीत ताई आयुष्यात चहा द्यायला आल्या असतील तेवढ्याच.

आणि पडद्यावर मात्र तीन चित्रपटांच्या सुरुवातीला 'संकलन' या पाटीखाली ताईंचं नाव होतं.

हा बाबांचा, म्हणजे ताई-छोट्याच्या वडिलांचा, नियम. पडद्यावर नाव घराचं जाईल, माणसाचं नाही, असं ते म्हणायचे. त्यांनी स्वतः काढलेले पहिले दोन चित्रपट त्यांच्या थोरल्या भावाच्या नावावर गेले, आणि तो भाऊ जन्मात कधी चित्रीकरणाला फिरकला नव्हता. छोट्याने कॅमेरा चालवला तो बाबांच्या नावावर. कातरबाईंनी कापलं-जोडलं ते ताईंच्या नावावर, कारण मुलांमध्ये थोरल्या त्या. यात कुणाला काही खटकलं नाही. ताईंनीही काम कमी केलं नव्हतं. परवानग्या आणल्या, रुसलेले नट समजावले, कच्ची फिल्म मिळेनाशी झाली तेव्हा तीन शहरं पालथी घातली, साठ-साठ माणसांना दोन वेळ जेवू घातलं. त्या कामासाठी पडद्यावर पाटीच नव्हती, मग नाव कुठे लावणार?

आठ महिन्यांपूर्वी निधी मंडळाची नवी समिती बसली. एकेक सदस्य म्हणजे नग होता. पहिल्या रिळालाच घोरायला लागणारे निवृत्त न्यायाधीश, दोन चित्रपटगृहांची मालकीण, एका कानाने ऐकणारे पण त्या एका कानाने सगळं ऐकणारे ध्वनिमुद्रक, एक वितरक, एक प्राध्यापिका. अध्यक्षपदासाठी ताईंचं नाव पुढे आलं, पण त्या पदाला अट होती: निदान तीन चित्रपटांत एखाद्या विभागाची प्रमुख म्हणून स्वतः काम केलेली व्यक्ती हवी. सगळ्यांचे परिचय छापायचे होते. आत्याचा परिचय पोरीने लिहिला, आणि तो तिने पडद्यावरच्या नावांवरून लिहिला. नावं खोटी असतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आई आत्याच्या हाताखाली काम करायची असंच ती समजत होती. जेवायला बसल्यावर तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. छोट्याने वा वा केलं. कातरबाईंनी 'कसबी संकलक'च्या जागी 'कुशल संकलक' बरं वाटेल असं सुचवलं. चौघांपैकी एकालाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही, आणि 'वरील माहिती सत्य आहे' याखाली ताईंनी सही ठोकून दिली.

मग गेल्या महिन्यात वितरक सापडला. बारा चित्रपटगृहं चालवल्याचं त्याने लिहिलं होतं. निघालं असं की एका चित्रपटगृहाच्या तिकीट खिडकीत तो दोन वर्षं बसला होता. त्याने घाईघाईने राजीनामा दिला, पण तपासणी सुरू झाल्यावर दिलेला राजीनामा कबुली धरतात. त्याच्या मतावर मंजूर झालेले दोन चित्रपटांचे पैसे थांबले आणि ते अर्ध्यावर बंद पडले. त्यानंतर मंडळाने प्रत्येक सदस्याची पार्श्वभूमी त्याच्या कामाच्या जागी जाऊन तपासायची असं ठरवलं, आणि ताईंना पत्र आलं. ते पत्र वाचून पोर हसली होती. "मग काय झालं आत्या, कसं कापतात ते दाखव त्यांना," असं ती म्हणाली आणि तिघांनीही ताटात माना घातल्या. मग तिला खरं सांगावं लागलं. त्याला आज पाच दिवस झाले होते.

"पुन्हा," कातरबाई म्हणाल्या. "पहिला चित्रपट, स्टेशनवरचा निरोप. आई दारात वळते आणि तुम्ही तिथेच कापलंत. का?"

"कारण..." ताईंनी घसा खाकरला. "कारण रडणं दाखवलं की बघणारा मोकळा होतो. नाही दाखवलं की ते तो घरी घेऊन जातो."

"बरोबर. पण पाठ म्हटल्यासारखं नको. अधेमधे अडखळा."

"अगं, अडखळायचंही पाठ करू का आता?"

छोटा मोठ्याने हसला आणि एकटाच हसतोय हे कळल्यावर थांबला.

पोर भिंतीपासून पुढे आली. "आई, पुरे. त्या आल्या की खरं सांगून टाकू. आजोबांच्या वेळची पद्धत होती, फसवायचा हेतू नव्हता. माणसं आहेत, समजून घेतील."

"वितरकाला घेतलं का समजून?" छोटा म्हणाला.

"वितरक चोर होता."

"कागदावर दोघं सारखेच. खोटं विधान, खाली सही. आणि ताईच्या सहीने सात चित्रपट मंजूर झालेत. त्यातल्या तीन चित्रपटांचं चित्रीकरण चालू आहे. ती सगळी माणसं उद्या सकाळी रस्त्यावर."

हे त्याने म्हटलं खरं, पण छोट्याला काळजी होती ती त्या सात चित्रपटांची नव्हती. पत्र आल्यापासून त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. उद्या ताईचं उकरलं तर परवा बाबांचं उकरतील. ज्या कॅमेऱ्यासाठी बाबांना मेल्यावर मानपत्र मिळालं, तो कुणी चालवला ते विचारतील. आणि तेव्हा आपल्याला आनंद होईल, याची त्याला भीती वाटत होती. बापाची फजिती झाली म्हणून आनंद होणारा मुलगा व्हायची त्याची इच्छा नव्हती. त्याने पोरीकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि बापाचा चेहरा तिला बरोबर वाचता आला.

"बाबा, तुम्हालाही सांगून टाकायचंय," ती हळूच म्हणाली.

"मी काही म्हटलंय का?"

"म्हणा की मग."

"ताई," छोटा बहिणीकडे न बघता म्हणाला, "ही म्हणते त्यात अगदीच काही तथ्य नाही असं नाही."

ताई उठून उभ्या राहिल्या. "दोघांचं एक झालं वाटतं? मग मीच फोन करते. म्हणते, होय, मी नाही कापले. घ्या तुमची खुर्ची. मला काय ती खुर्ची डोक्यावर घेऊन जायचीय?"

"बसा खाली."

हे कातरबाई बोलल्या. पस्तीस वर्षांत त्यांनी ताईंना असं कधी सांगितलं नव्हतं. ताई बसल्या.

"कुणी काही सांगणार नाही," कातरबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळं छान बोलता आहात. सव्वा तास उरलाय. दुसरं रीळ घ्या."

"पण आई, काम तुझं आहे!"

"म्हणूनच सांगतेय."

पोरीला वाटलं आई घरासाठी झिजतेय, आणि तिला आईचा रागही आला आणि तिची कीवही आली. दोन्ही चुकीचं होतं. कातरबाईंना घराची तेवढी पर्वा नव्हती. त्यांना एका प्रश्नाची धास्ती होती. खरं बाहेर आलं की पहिल्यांदा कुणीतरी विचारणार, बाई, इतकी वर्षं तुम्ही गप्प का होतात? आणि याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. कुणी तोंड दाबलं नव्हतं. सासरा प्रेमळ होता, नवरा साधा, ताई तर रोज न चुकता चहा आणून द्यायच्या. सुरुवातीला त्यांना नावाचं काही वाटलंच नाही, मग सवय झाली, आणि वाटायला लागलं तोवर बोलायची वेळ टळून गेली होती. एवढं परक्या बाईसमोर सांगायचं म्हणजे अंगावरचे कपडे काढून उभं राहण्यासारखं होतं. त्यापेक्षा ताईंनी सगळं घेऊन टाकलेलं बरं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

साडेतीनपर्यंत ताई तयार झाल्या, आणि ही तयारीच पोरीला सगळ्यात भयंकर वाटली. आत्या आता अडखळत नव्हती. फिल्म दोन बोटांत धरून उजेडाकडे नेत होती, मोजा ओढून नीट बसवत होती. "तो प्रसंग चार दिवस जमत नव्हता," आत्या सांगत होती, "मी दोनदा रडले, आणि मग सुचलं की मधला शॉटच नको." हे वाक्य आईचं होतं. लहानपणापासून ती हे ऐकत आली होती, फक्त आई 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणायची.

"आत्या, तू रडली होतीस?" तिने विचारलं.

ताई थबकल्या. क्षणभर त्यांना खरंच आठवेना. आपण इथे बसलो होतो का? तो मधला शॉट काढताना हाताला झालेला स्पर्शही आठवत होता. पकडले जाण्याची भीती पाच दिवस पुरली होती. ही भीती वेगळी होती. अजून अर्धा तास ही शिकवणी चालली तर आपल्याला हे सगळं खरंच वाटायला लागेल, आणि मग कुणी सोडवायलाही येणार नाही.

बेल वाजली. चार वाजायला दहा मिनिटं होती.

तपासनीस बाई पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, पायातल्या चपला दाराशी नीट जोडून ठेवणाऱ्या निघाल्या. चहा नको म्हणाल्या, पाणी नको म्हणाल्या, आणि घरातल्या सगळ्यांनी खोलीत थांबायला त्यांची काही हरकत नव्हती. त्यांनी गुडघ्यावर फळी ठेवली, तिच्यावर छापील कागद लावला आणि पेनाचं टोपण दातात धरून काढलं.

"हे तुमचं टेबल?"

"हो," ताई म्हणाल्या.

"छान राखलंय. सुरुवात करू या?"

डबा नाण्याने उघडला गेला. फिल्म तबकडीवर बसली, दात्यांत अडकली, पडद्यावर स्टेशन दिसायला लागलं. तपासनीस बाईंनी निरोपाच्या प्रसंगाबद्दल विचारलं. ताईंनी सांगितलं, मधे योग्य जागी अडखळल्यासुद्धा. मग गाण्यातल्या तुकड्यांबद्दल विचारलं, भांडणाच्या प्रसंगातल्या शांततेबद्दल विचारलं. ताई बोलत होत्या. छोट्याला हळूहळू हायसं वाटायला लागलं. कातरबाई दाराजवळच्या स्टुलावर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या आणि ताईंच्या प्रत्येक वाक्याबरोबर त्यांचे ओठ किंचित हलत होते. ते पोरीला दिसलं. तपासनीस बाईंची पाठ होती म्हणून बरं.

"उत्तम," तपासनीस बाई म्हणाल्या आणि कागदावर खुणा केल्या. "खरं सांगू, मी तुमचे तिन्ही चित्रपट विद्यार्थी असताना पाहिलेत. अभ्यासाला होते आम्हाला. आता एकच. दुसऱ्या चित्रपटाचं पाचवं रीळ लावता?"

पाचवं रीळ. ताईंनी कातरबाईंकडे बघितलं. कातरबाईंनी मान हलवली. त्या रिळातलं काही विचारतील असं वाटलंच नव्हतं, त्याची तयारी झालीच नव्हती.

पडद्यावर एक माणूस पत्र लिहीत बसला होता. त्याची बायको पाण्याचा पेला घेऊन आत येते, उभी राहते. लगेच तिचा चेहरा जवळून दिसतो, खाली पेला धरलेला हात.

"थांबवा," तपासनीस बाई म्हणाल्या. "मागे घ्या. लांबून दिसते तेव्हा पेला उजव्या हातात आहे. जवळून दिसते तेव्हा डाव्या. बरोबर?"

ताईंनी मागेपुढे केलं. उजवा. डावा. पुन्हा उजवा, पुन्हा डावा.

"इतक्या काटेकोर चित्रपटात एवढी ढोबळ चूक? आमच्या वर्गात यावर वाद झाला होता. हे नजरेतून सुटलं का तुमच्या?"

छोट्याने डोळे मिटून घेतले. ताईंना एकच दिसत होतं, की आता काहीतरी बोललं पाहिजे, आणि नम्रपणा कधी वाया जात नाही हा त्यांचा आयुष्याचा अनुभव होता.

"हो," त्या म्हणाल्या. "सुटलंच ते. नवखी होते तेव्हा. घाईत झालेली चूक आहे, माझीच. माफ करा."

"साहजिक आहे," तपासनीस बाई म्हणाल्या आणि पेन कागदाला टेकवलं.

"चूक नाही ती."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. कातरबाई उभ्या राहिल्या होत्या. आपण कधी उठलो हे त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. तीन चित्रपटांची वाहवा त्यांनी पस्तीस वर्षं खुशाल दुसऱ्याच्या पदरात पडू दिली होती. स्टेशनचा निरोप दिला, गाणं दिलं, आत्ता अर्ध्या तासात उरलंसुरलंही दिलं. पण आपल्या कामाबद्दल कुणी माफी मागितलेली त्यांना सोसली नाही.

"उजव्या हाताचे सात टेक होते," त्या म्हणाल्या. "सातही लाकडासारखे. डाव्या हातातला तालमीतला आहे. तिला ठाऊकच नव्हतं कॅमेरा चालू आहे ते, यांनी आपला चालू ठेवला होता. तिथे ती त्या पत्राकडे बघते ना, ते बघा. मागे घ्या, ताई. नाही, इतकं नाही. सरा, मी घेते."

त्या टेबलापाशी आल्या. ताई उठल्या आणि बाजूला झाल्या. कातरबाईंनी मोजे घातले नाहीत, बघितलंही नाही, नुसता तळवा तबकडीवर ठेवला आणि चित्र हव्या त्या जागी येऊन उभं राहिलं.

"हे. या डोळ्यांत तिला कळलंय की हा घर सोडून चाललाय. अजून त्याने सांगितलेलं नाही. आता सांगा, पेला कुठल्या हातात आहे ते कोण बघतं? मी रात्रंदिवस दोन्ही लावून बघितले. हात जुळवला की बाई मरते. बाई जिवंत ठेवली की हात चुकतो. मी बाई ठेवली. चूक कसली? पुन्हा दिलंत तर पुन्हा असंच कापेन."

तळवा अजून तबकडीवर होता. पुढे काय विचारणार हे त्यांना ठाऊक होतं.

तपासनीस बाईंनी तो पेल्याचा प्रश्न मुद्दाम टाकला की सहज, यावर घरात पुढे कायम दोन पक्ष राहिले. छोटा म्हणायचा, तिला पहिल्यापासून संशय होता. पोर म्हणायची, तिला वर्गातला वाद मिटवायचा होता, बस. त्या वेळी मात्र तपासनीस बाईंच्या चेहऱ्यावरून कुणालाच काही कळलं नाही. त्यांनी पेन हातात तसंच धरून ठेवलं होतं.

"आपण कोण?" त्यांनी कातरबाईंना विचारलं.

कातरबाईंनी तोंड उघडलं. सहायक, असं त्या म्हणणार होत्या. अजूनही निभावलं असतं. सहायकाला एवढं ठाऊक असतं. छोट्याला ते कळलं, पोरीलाही कळलं, आणि पोर डोळे विस्फारून आईच्या ओठांकडे बघत राहिली.

"संकलक," ताई म्हणाल्या.

टेबलाची कड धरून त्या उभ्या होत्या. त्यांना सात चित्रपट दिसत होते, त्यांतली चित्रीकरणं बंद पाडून सामान आवरणारी माणसं दिसत होती, उद्याच्या वर्तमानपत्रात वितरकाच्या फोटोशेजारी आपला फोटो दिसत होता. काहीही सुटलेलं नव्हतं, सगळं अंगावर येऊन कोसळणार होतं.

"तिन्ही चित्रपटांची," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. हे टेबल तिचं आहे. इथे बसून मी एक तुकडासुद्धा कापलेला नाही."

"ताई..." कातरबाई म्हणाल्या.

"थांब गं."

तपासनीस बाईंनी छापील कागद बाजूला सारला, कोरा कागद वर घेतला आणि त्यावर तारीख घातली. हे सगळं त्यांनी इतकं सावकाश केलं की छोट्याला खुर्ची शोधून बसावं लागलं.

"ह्या संकलक," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "आणि तुम्ही?"

पाच दिवसांत ताईंना शंभर प्रश्नांची उत्तरं पढवली होती. हे त्यांत नव्हतं.

"मी?" ताई म्हणाल्या. "मी हिची नणंद."

तपासनीस बाईंनी तेही लिहून घेतलं.